इंग्रजीतून खाण्यापिण्याबद्दल बोलताना: नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

खाण्यापिण्याचे इंग्रजी शब्द बहुतेकांना थोडेफार आधीपासूनच माहीत असतात. अडतं ते वाक्यात. 'ब्रेड' माहीत असतो, पण 'दोन ब्रेड' कसं म्हणायचं ते सुचत नाही. 'टी' माहीत असतो, पण पाहुण्याला चहा विचारताना तोंडातून हुकूम सोडल्यासारखं वाक्य निघतं. म्हणून इथे नुसती शब्दांची यादी न देता तो शब्द कोणाच्या संगतीने येतो, हे जास्त सांगितलं आहे. शब्द त्याच्या सोबत्यांसकट पाठ झाला की बोलताना आपोआप जिभेवर येतो.

सुरुवात कोणत्या शब्दांपासून करू?

तुम्ही स्वतः रोज जे खाता-पिता, त्यापासून. पुस्तकात पहिल्याच पानावर वीस फळांची चित्रं असतात, त्यातली निम्मी तुमच्या ताटात वर्षातून एकदाही येत नाहीत. ती नंतर शिका. आधी वॉटर, मिल्क, टी, राइस, ब्रेड, एग, सॉल्ट, शुगर, ऑइल, बटर, फिश, मीट, फ्रूट, व्हेजिटेबल. यांच्या जोडीला ईट, ड्रिंक आणि हॅव ही तीन क्रियापदं आणि हॉट, कोल्ड, स्वीट, फ्रेश ही चार विशेषणं घ्या. एवढ्यावर कितीतरी वाक्यं होतात.

युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषा शिकण्याच्या पायऱ्यांची एक चौकट प्रसिद्ध केली. तिच्यातली सर्वांत खालची पायरी 'ए वन'. रोजच्या गरजा भागवण्यापुरती साधी, ओळखीची वाक्यं समजणं आणि वापरता येणं, एवढीच तिची अपेक्षा आहे. भूक आणि तहान या तर पहिल्या गरजा. 'आय ॲम हंग्री' आणि 'आय ॲम थर्स्टी' ही दोन वाक्यं आजच पाठ करून टाका. मराठीत आपल्याला भूक 'लागते', इंग्रजीत माणूस भुकेला 'असतो', एवढं ध्यानात ठेवा.

ब्रेकफस्ट, लंच, डिनर कळलं. मग सपर, टी आणि ब्रंच काय आहे?

सकाळचा तो ब्रेकफस्ट, दुपारचं ते लंच, संध्याकाळचं किंवा रात्रीचं ते डिनर. नवशिक्याने हेच धरून चालावं, जगात कुठेही समजतं. मात्र इंग्लंडच्या उत्तर भागात अनेक घरांत दुपारच्या जेवणालाच डिनर म्हणतात आणि संध्याकाळच्या जेवणाला टी. तिथे कोणी 'कम फॉर टी' म्हणालं, तर चहाबरोबर पोटभर जेवणही असू शकतं. सपर म्हणजे रात्रीचं हलकं, घरगुती जेवण. ब्रंच हा ब्रेकफस्ट आणि लंच जोडून १९व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तयार झालेला शब्द. उशिरा उठून दोन्ही एकदमच उरकायचं, ते ब्रंच.

या नावांच्या आधी 'अ' किंवा 'द' लावत नाहीत. 'आय हॅव ब्रेकफस्ट ॲट एट', 'व्हॉट डिड यू हॅव फॉर लंच?' असं सरळ म्हणा. विशेषण आलं की मात्र 'अ' येतो: 'अ बिग ब्रेकफस्ट', 'अ लाइट लंच'. 'फॉर लंच' म्हणजे जेवणात काय होतं, आणि 'ॲट लंच' म्हणजे जेवणाच्या वेळी. ही दोन शब्दयोगी अव्ययं अदलाबदल केली की अर्थ बदलतो.

'मी जेवलो' हे इंग्रजीत कसं सांगायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि तो विचारायलाच हवा, कारण 'जेवणे' या क्रियापदाला इंग्रजीत नेमका जोड नाही. आपण 'खाणे' आणि 'जेवणे' वेगळं मानतो. इंग्रजीत दोन्ही 'ईट' मध्येच बसतं. त्यामुळे नवशिका 'आय एट फूड' म्हणतो. व्याकरणात चूक नाही, पण ऐकणाऱ्याला वाटतं, फूड नाही तर आणखी काय खाणार!

तिथे जेवणाचं नाव घ्यायचं: 'आय हॅव हॅड लंच' किंवा नुसतं 'आय हॅव ईटन'. 'जेवलात का?' याला 'हॅव यू हॅड लंच?' किंवा 'हॅव यू ईटन?'. 'आम्ही जेवतोय' याला 'वी आर हॅविंग डिनर'.

यातलं 'हॅव' नीट पकडा. हे एकच क्रियापद खाणं आणि पिणं दोन्हीला चालतं: हॅव टी, हॅव ॲन एग, हॅव सम सूप. मराठीत आपण 'चहा घेता का?' म्हणतो, त्यामुळे 'टेक' वापरायचा मोह होतो. पण 'आय टुक माय लंच' याचा अर्थ बहुतेकांना 'मी माझं जेवण सोबत घेऊन गेलो' असा लागेल. 'टेक' औषधासाठी राखून ठेवा: 'टेक युअर मेडिसिन'. गोळी असो की पातळ औषध, इंग्रजीत ते ना खातात ना पितात.

सूपबद्दलही विचारलं जातं. वाटीतून चमच्याने घेत असाल तर 'ईट सूप', कप तोंडाला लावत असाल तर 'ड्रिंक सूप'. शंका असेल तिथे 'हॅव सूप'.

फूड, मील आणि डिश यांत फरक काय?

फूड म्हणजे अन्न, एकूणच. मील म्हणजे एका वेळचं जेवण. 'थ्री मील्स अ डे' म्हणजे दिवसातून तीन वेळा. डिश म्हणजे एखादा तयार पदार्थ, आणि तो वाढायचं भांडंसुद्धा. 'धिस डिश इज डिलिशस' मध्ये पदार्थ, 'वॉश द डिशेस' मध्ये भांडी. संदर्भाने लगेच कळतं, त्याची काळजी नको.

'राइसेस', 'ब्रेड्स', 'मिल्क्स' असं अनेकवचन का चालत नाही?

कारण इंग्रजी काही पदार्थांना मोजायचे मानते आणि काहींना ओतायचे, कापायचे किंवा मापायचे. अंडं, केळं, सफरचंद, गाजर, बिस्किट मोजता येतात: ॲन एग, टू एग्ज, थ्री कॅरट्स. दूध, पाणी, तेल, साखर, मीठ, लोणी, चीज, पीठ, भात आणि ब्रेड यांना नुसता आकडा लावत नाहीत. भाताची शितं मोजता येतात हे खरं, पण कोणी मोजत नाही, म्हणून राइस या गटात. ब्रेडबद्दल मात्र नियम पाठच करावा लागतो, कारण आपल्या डोळ्यांना तो मोजता येण्यासारखाच दिसतो.

मग दोन ब्रेड कसे मागायचे? मध्ये एक माप घालायचं. अ स्लाइस ऑफ ब्रेड म्हणजे एक काप, अ लोफ ऑफ ब्रेड म्हणजे न कापलेला अख्खा ब्रेड. अ ग्लास ऑफ वॉटर, अ कप ऑफ टी, अ बोल ऑफ राइस, अ स्पून ऑफ शुगर, अ पीस ऑफ केक, अ बॉटल ऑफ ऑइल, अ पिंच ऑफ सॉल्ट. अनेकवचन मापाला लागतं, पदार्थाला नाही: टू स्लाइसेस ऑफ ब्रेड, थ्री कप्स ऑफ टी. मराठीत 'तीन कप चहा' म्हणतानाही कपच मोजतो, चहा नाही. फक्त मधला 'ऑफ' विसरू नका.

नेमका आकडा सांगायचा नसेल तर 'सम' वापरा: सम मिल्क, सम राइस, सम एग्ज. हा दोन्ही गटांना चालतो. 'किती?' विचारताना मात्र गट सांभाळावा लागतो. हाउ मेनी एग्ज, पण हाउ मच मिल्क.

नियमाला एक सूट ऐकायला मिळेल. कॅफेत लोक 'टू कॉफीज, प्लीज' म्हणतात. तिथे 'दोन कप' हे गृहीत असतं. हे चालतं आणि शुद्धही आहे.

फ्रूट म्हणायचं की फ्रूट्स?

सर्वसाधारण बोलताना फ्रूट: 'ईट मोअर फ्रूट'. वेगवेगळ्या जातींबद्दल बोलताना फ्रूट्स. व्हेजिटेबल्सला मात्र जवळजवळ नेहमी अनेकवचनच लागतं. दोघं जोडीने आले की 'फ्रूट अँड व्हेजिटेबल्स'. कारण विचारू नका, रूढी आहे.

प्राण्याचं नाव वेगळं आणि त्याच्या मांसाचं वेगळं, असं का?

गाय म्हणजे काउ, तिचं मांस बीफ. डुक्कर पिग, मांस पोर्क. मेंढी शीप, मांस मटन. कोकराचं ते लॅम. हरीण डिअर, मांस व्हेनिसन. यामागे इतिहास आहे. १०६६ मध्ये फ्रान्सच्या उत्तर भागातून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं तिथला सत्ताधारी वर्ग फ्रेंच बोलत राहिला. काउ, पिग, शीप हे जुने इंग्रजी शब्द. बीफ, पोर्क, मटन हे फ्रेंचमधून आलेले. दोन्ही टिकले आणि हळूहळू त्यांनी कामं वाटून घेतली.

चिकन आणि फिश यांना अशी दोन नावं नाहीत. तिथे 'अ' काय करतो ते पाहा. 'आय लाइक चिकन' म्हणजे मला चिकन आवडतं. 'आय सॉ अ चिकन' म्हणजे मी एक कोंबडी पाहिली. जेवणाच्या टेबलावर 'आय एट अ चिकन' म्हणालात तर अख्खी कोंबडी संपवली असा अर्थ होतो.

एकाच भाजीला पुस्तकात दोन-दोन नावं दिसतात. कोणतं बरोबर?

दोन्ही. ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीत भाज्यांची नावं बरीच वेगळी आहेत. वांग्याला ब्रिटनमध्ये ओबर्जीन, अमेरिकेत एगप्लँट. आपल्याला ओळखीचा ब्रिंजल या दोन्ही देशांत फारसा कोणाला कळत नाही. कोथिंबिरीला ब्रिटनमध्ये कोरिअँडर, तर अमेरिकेत पानांना सिलँट्रो आणि कोरिअँडर म्हणजे फक्त धणे. ढोबळी मिरचीला ब्रिटनमध्ये पेपर, अमेरिकेत बेल पेपर, ऑस्ट्रेलियात कॅप्सिकम. दह्याला दोन्हीकडे योगर्ट म्हणतात, ब्रिटिश उच्चार यॉगर्टच्या जवळचा. 'कर्ड' म्हटलं तर तिथे फाटलेल्या दुधाचा चोथा डोळ्यांसमोर येतो.

खरा घोटाळा होतो तो शब्द एकच आणि पदार्थ दोन असतील तेव्हा. ब्रिटनमध्ये चिप्स म्हणजे बटाट्याचे तळलेले गरम लांब तुकडे, ज्यांना अमेरिकेत फ्राइज म्हणतात. अमेरिकेत चिप्स म्हणजे पाकिटातले पातळ कुरकुरीत काप, ज्यांना ब्रिटनमध्ये क्रिस्प्स म्हणतात. ब्रिटनमधलं बिस्किट अमेरिकेत कुकी. अमेरिकेतलं बिस्किट म्हणजे मऊ, फुगलेला, ब्रेडसारखा पदार्थ. ब्रिटनमध्ये पुडिंग म्हणजे जेवणानंतरचं काहीही गोड. आणि मेन्यूवरचा आँत्रे हा शब्द तर अमेरिकेत मुख्य पदार्थाला वापरतात आणि ऑस्ट्रेलियात त्याआधीच्या पदार्थाला.

माझं मत विचाराल तर नवशिक्याने एक बाजू धरावी. ज्या देशाच्या लोकांशी तुमचं बोलणं होणार, त्यांचे शब्द बोलायला शिका, दुसऱ्या बाजूचे ऐकून ओळखता आले तरी पुरे.

उच्चारात कुठे चूक होते?

स्पेलिंगवर विसंबल्यामुळे बहुतेक चुका होतात. काही अक्षरं लिहिली जातात पण बोलली जात नाहीत: नाइफमधला 'के', सॅमन या माशाच्या नावातला 'एल', लॅममधला 'बी', राझ्बरीमधला 'पी'. बफेच्या शेवटचा 'टी' मुका असतो.

काही शब्दांत मधलं अक्षर गिळलं जातं. व्हेजिटेबलचे चार तुकडे पाडू नका, तीनच: व्हेज्-ट-बल. चॉकलेटचे दोन: चॉक्-लट. उलट रेसिपी हा शब्द 'रेसाइप' नाही, त्याचे तीन तुकडे होतात: रे-सि-पी.

कॅबिज, सॉसिज, ऑरिंज, लेटिस, स्पिनिच यांच्या शेवटी स्पेलिंग काहीही असो, आवाज ऱ्हस्व 'इ' चा येतो. कॅबेज, स्पिनाच असं लांबवू नका. अन्यन, अव्हन आणि हनी हे तिघंही स्पेलिंगमध्ये 'ओ' घेऊन बसलेत पण उच्चार 'अ' आहे. 'ओव्हन' ही आपल्याकडे रुळलेली सवय मोडायला थोडा वेळ लागतो. वाटीला 'बाउल' नाही, बोल. ब्रेक हा शब्द एकटा असताना ब्रेइक असा लांबतो, ब्रेकफस्टमध्ये मात्र 'ब्रे' आखूड होतो.

डिझर्ट म्हणजे जेवणानंतरचं गोड, जोर शेवटी. डेझर्ट म्हणजे वाळवंट, जोर सुरुवातीला. पीठ आणि फूल यांचे इंग्रजी उच्चार सारखेच, मांस आणि भेटणे यांचेही सारखेच. त्यात ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, तुम्हीही करून घेऊ नका.

एका आवाजाकडे मात्र खास लक्ष द्या. वॉटर, वाइन यांच्या सुरुवातीला ओठ शिट्टी वाजवताना करतो तसे गोल करायचे आणि दात ओठाला लावायचे नाहीत. व्हेजिटेबल, व्हिनेगर, व्हॅनिला यांत वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे. आरशासमोर 'वॉटर अँड व्हिनेगर' हे शब्द लागोपाठ म्हणून पाहा. ओठ बदलताना दिसले पाहिजेत.

तिखट, आंबट, अळणी वगैरे चवी कशा सांगायच्या?

गोड स्वीट, आंबट सावर, खारट सॉल्टी, कडू बिटर. तिखटाला दोन शब्द आहेत, हॉट आणि स्पायसी. हॉट म्हणजे गरमसुद्धा, त्यामुळे 'द सूप इज हॉट' ऐकून समोरचा फुंकर घालत बसेल. तिखट म्हणायचं असेल तर स्पायसी वापरा. फक्त स्पायसी म्हणजे मसालेदारही असू शकतं, म्हणून नेमकं सांगायचं तर 'टू मच चिली'. अळणी, बेचव म्हणजे ब्लँड. तुरटला ॲस्ट्रिंजंट असा शब्द आहे, पण रोजच्या बोलण्यात कमीच ऐकू येतो.

फळ पिकलेलं तर राइप, कच्चं तर अनराइप. न शिजवलेलं ते रॉ. शिळा ब्रेड स्टेल, आंबलेलं दूध सावर, खराब झालेलं बॅड: 'द मिल्क हॅज गॉन बॅड'. डिलिशस या शब्दातच 'खूप' आलेलं आहे, त्यामुळे 'व्हेरी डिलिशस' कानाला खटकतं. 'रिअली डिलिशस' किंवा 'व्हेरी टेस्टी' म्हणा.

नम्रपणे मागायचं कसं? माझं इंग्रजी उद्धट वाटतं असं लोक सांगतात.

यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही. मराठीत 'पाणी द्या' मधल्या 'द्या' मध्येच आदर आलेला असतो. इंग्रजी क्रियापदात ती सोय नाही, 'गिव्ह' हे 'दे' ही आहे आणि 'द्या' ही. म्हणून आदर बाहेरून जोडावा लागतो. 'गिव्ह मी वॉटर' ऐवजी 'कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?' 'आय वाँट टी' ऐवजी 'आय वुड लाइक अ कप ऑफ टी, प्लीज', बोलताना त्याचं 'आइड लाइक' होतं. टेबलावरची वस्तू सरकवायला सांगताना 'कुड यू पास द सॉल्ट, प्लीज?'

दुसऱ्याला विचारताना 'वुड यू लाइक सम टी?' नको असेल तर 'नो, थँक यू' किंवा 'नो थँक्स, आय ॲम फुल'. नुसतं 'नो' तुटक वाटतं. बिल मागताना ब्रिटनमध्ये बिल, अमेरिकेत चेक: 'कुड वी हॅव द बिल, प्लीज?'

ही वाक्यं व्याकरण समजण्याची वाट न पाहता जशीच्या तशी पाठ करा. 'वुड' आणि 'कुड' चे नियम वर्षभराने कळले तरी चालतील.

मी अमुक खात नाही, हे स्पष्ट कसं सांगू?

'आय ॲम व्हेजिटेरिअन' म्हणा, पण तिथे थांबू नका. इंग्रजीत व्हेजिटेरिअन माणूस साधारणपणे अंडी खातो असं धरलं जातं. तुम्ही खात नसाल तर पुढे जोडा: 'आय डोंट ईट मीट, फिश ऑर एग्ज'. दूध-दहीही वर्ज्य असेल तर शब्द व्हीगन. तो १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये घडवला गेला. 'नॉनव्हेज' हा शब्द ब्रिटन-अमेरिकेत सहसा वापरत नाहीत, तिथे 'आय ईट मीट' म्हणतात.

ॲलर्जी असेल तर ही दोन वाक्यं न अडखळता म्हणता आली पाहिजेत: 'आय ॲम ॲलर्जिक टू पीनट्स' आणि 'डझ धिस कंटेन नट्स?' शेंगदाण्याच्या जागी तुमचा पदार्थ घाला. इथे उच्चार चुकला तरी चालेल, पण संकोच करू नका. वाटल्यास कागदावर लिहून जवळ ठेवा.

अनेकवचनाच्या स्पेलिंगचं काय?

बहुतेकांना नुसता 'एस'. टोमॅटो, पोटॅटो यांना 'ईएस'. चेरीचा शेवटचा 'वाय' जाऊन 'आयईएस' येतो. नाइफ आणि लोफ यांचं नाइव्ह्ज आणि लोव्ह्ज होतं. फिशचं अनेकवचन सहसा फिशच.

शब्द पाठ करतो, चार दिवसांत विसरतो. काय करू?

विसरणं सगळ्यांचंच होतं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि मग वेग मंदावतो. त्यामुळे एकदाच तासभर बसण्यापेक्षा आज, उद्या, तीन दिवसांनी, आठवड्याने असं थोडं थोडं आठवून पाहणं कामी येतं. आठवून पाहणं म्हणजे यादी पुन्हा वाचणं नव्हे. मराठी शब्द पाहून इंग्रजी शब्द तोंडाने म्हणायचा आणि मगच उत्तर बघायचं.

स्वयंपाकघर हीच वही करा. मिठाच्या डब्यावर 'सॉल्ट' चिकटवू नका, 'अ पिंच ऑफ सॉल्ट' चिकटवा. जेवताना मनातल्या मनात एक वाक्य बोला: 'आय ॲम हॅविंग राइस'. बाजाराची यादी इंग्रजीत करा.

आणि काही शब्द वाटतात तेवढे परके नाहीत. शुगरचं मूळ संस्कृत शर्करा, ऑरिंजचं नारंग आणि जिंजरचं शृंगवेर. फारसी, अरबी, ग्रीक, लॅटिन, फ्रेंच अशा भाषांतून फिरत ते इंग्रजीत पोचले. मला हे शब्द शिकवताना फार आनंद होतो, कारण ते ऐकले की विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

इंग्रजी रेसिपी वाचता येण्यासाठी आणखी काय लागेल?

क्रियापदं, आणि ती सगळी आज्ञार्थी असतात. वॉश, पील म्हणजे सोलणे, चॉप म्हणजे चिरणे, ग्रेट म्हणजे किसणे, मिक्स, स्टर म्हणजे ढवळणे, नीड म्हणजे मळणे. शिजवण्याचे प्रकार नीट वेगळे ठेवा: पाण्यात उकळणे बॉइल, मंद आचेवर रटरटू देणे सिमर, वाफवणे स्टीम, तेलात तळणे किंवा परतणे फ्राय. ब्रेड-केक बंद भट्टीत भाजतात ते बेक, मांस किंवा भाज्या तशाच भाजल्या तर रोस्ट, आणि ब्रेडचा काप भाजला तर टोस्ट. कुक म्हणजे शिजवणे, आणि स्वयंपाक करणारा माणूसही कुकच. कुकर म्हणजे उपकरण. 'माय सिस्टर इज अ गुड कुकर' असं चुकूनही म्हणू नका.

मापांची लघुरूपं नवशिक्याला हमखास अडवतात. 'टीएसपी' म्हणजे टीस्पून, ५ मिलिलिटर. 'टीबीएसपी' म्हणजे टेबलस्पून, १५ मिलिलिटर. ऑस्ट्रेलियात तो २० मिलिलिटरचा असतो. अमेरिकन रेसिपीतला कप सुमारे २४० मिलिलिटरचा. भट्टीचं तापमानही तिथे फॅरनहाइटमध्ये देतात, म्हणजे ३५० लिहिलेलं दिसलं तर तुमच्या भट्टीचा काटा सेल्सिअसच्या १८० च्या जवळ ठेवायचा.